इंदूरचे कर्नल आणि पुण्याचे प्राध्यापक

इंदूरच्या क्रिकेटचा विषय निघाला की कर्नल सी. के. नायडू यांचे नाव प्रथम ओठांवर येते. १९२३ साली होळकर महाराजांनी त्यांना इंदुरास बोलावून सैन्यात अधिकारपद दिले. खेळाडूच्या चरितार्थाची चिंता दरबाराने वाहावी, हा त्या काळचा राजमार्गच होता. परंतु दुसरीही एक वाट होती आणि ती महाविद्यालयाच्या वर्गातून मैदानाकडे जात होती. प्रा. दिनकर बळवंत देवधर हे त्या वाटेचे वाटसरू.

१४ जानेवारी १८९२ रोजी जन्मलेले देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. धातुरूपे आणि धावसंख्या यांचा मेळ बसविणारे प्राध्यापक तेव्हाही विरळाच होते! १९२६च्या डिसेंबरात गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ मुंबईस आला. हिंदू संघाकडून नायडूंनी ११ षटकारांसह १५३ धावा झोडपल्या. तो पराक्रम आजही सांगितला जातो. त्याच महिन्यात अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी काढलेल्या १४८ धावा मात्र त्या तेजात काहीशा झाकोळल्या. हिंदी खेळाडू इंग्रजांच्या तोडीचे आहेत, हे सिद्ध करण्यात त्यांचा वाटा मुळीच कमी नव्हता.

१९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा छत्तीस वर्षांचे नायडू कर्णधार होते. चाळिशी गाठलेल्या देवधरांना संघात स्थान नव्हते. त्यांच्या वाट्यास एकही कसोटी आली नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने बॅट खुंटीला टांगली असती. देवधरांनी महाराष्ट्राचा संघ हाती घेतला आणि १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकून आणला. त्याच काळात विजय हजारे यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. स्वतः देवधरांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या.

पुढे इंदूरच्या होळकर संघाने रणजी स्पर्धा गाजविली. चौदा वर्षांत दहा वेळा अंतिम सामना आणि चार अजिंक्यपदे! या संघातील चंदू सरवटे आणि भाऊसाहेब निंबाळकर हे पूर्वी महाराष्ट्राकडून खेळलेले होते. होळकरांच्या वैभवात पुण्याच्या मैदानाचीही मेहनत मिसळलेली होती, हे इंदूरकरांनी विसरू नये.

१९४४ साली नवानगरविरुद्ध देवधरांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, १०५ आणि १४१. तेव्हा त्यांचे वय होते ५२ वर्षे.