दोष हवेचा, पाण्याचा की माणसाचा?



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी म्हटले, “लोणच्याची कृती देते.” माझे शिक्षण सातवीपर्यंत; लेख लिहिणे हा काही माझा प्रांत नव्हे. पण गेल्या वर्षी आपल्या वाचनालयात साथीच्या रोगांच्या इतिहासाचे एक पुस्तक हाती लागले. जे समजले नाही ते मुलीकडून समजावून घेतले. वाचता वाचता आपल्याच वाडीतली एक जुनी गोष्ट मनाला टोचू लागली. ती शेवटी सांगणार आहे.

माझी आजी पटकीला ‘मरीआईचा फेरा’ म्हणत असे. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा सजवायचा, वाजतगाजत वेशीबाहेर न्यायचा आणि पुढच्या गावच्या हद्दीत सोडून यायचे. पुढचे गाव तो आणखी पुढे ढकली. लहानपणी ऐकताना गंमत वाटे. आता वाटते, रोग आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात ढकलण्याची ही रीत केवळ खेड्यातली नव्हे, साऱ्या जगातली आहे.

विलायतेतले मोठमोठे डॉक्टरसुद्धा शेकडो वर्षे हवेला दोष देत होते. कुजलेल्या घाणीतून विषारी वाफा उठतात, त्या श्वासातून शरीरात जातात आणि साथ पसरते, असे ते मानीत. ‘मलेरिया’ या शब्दाचा इटालियन भाषेतला मूळ अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. या लोकांना हसण्याचे कारण नाही. जिथे दुर्गंधी तिथे रोग, हे ते डोळ्यांनी पाहत होते. घाणीत राहणारे जास्त मरत, हेही खरेच होते. पाहिले ते बरोबर, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकला.

त्या चुकीची किंमत मात्र भारी पडली. १८१७ साली बंगालमधून पसरू लागलेली पटकी १८३१ मध्ये इंग्लंडला पोचली. लंडनच्या आरोग्यासाठी झटणारे चॅडविकसाहेब म्हणत, वास म्हणजेच रोग. मग वास घालवण्यासाठी घराखालच्या खड्ड्यांतला मैला गटारांवाटे थेम्स नदीत सोडू लागले. आणि शहरातल्या अनेकांचे पिण्याचे पाणी त्याच नदीतून येत होते! घर स्वच्छ झाले आणि घागर नासली.

याच लंडनमध्ये जॉन स्नो नावाचे एक डॉक्टर होते. भूल देण्यात निष्णात. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिले. त्यांचा विचार अगदी साधा होता. विष हवेतून येत असेल तर आधी छाती बिघडायला हवी. पटकी तर पोटापासून सुरू होते. तेव्हा ती तोंडावाटेच पोटात जात असली पाहिजे. हे त्यांनी १८४९ मध्ये छापले, पण फारसे कोणाला पटले नाही.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीचा भडका उडाला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. स्नो दारोदार हिंडले आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला, “पाणी कुठले पिता?” बहुतेकांचे उत्तर ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे. जवळच्या गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसे राहत, पण तिथे फक्त पाच दगावली. त्यांची विहीर वेगळी होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरएक कामगार. त्यांतला एकही पटकीने गेला नाही. ते पंपाचे पाणी पीतच नव्हते. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई मात्र गेली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेई. तिच्या घरची हवा वेगळी, पण पाणी तेच!

स्नोंनी ७ सप्टेंबरला स्थानिक कारभाऱ्यांपुढे हे मांडले आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोंनी स्वतःच कबूल केले आहे. पण त्यांच्याजवळ आणखी एक पुरावा होता. दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी शहरातल्या घाण नदीचे पाणी देई, दुसरी नदीच्या वरच्या अंगाचे. त्याच साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे पहिलीकडे ३१५ मृत्यू झाले, दुसरीकडे ३७.

आता मला सर्वांत लागलेली गोष्ट सांगते. त्या भागातले पाद्री व्हाइटहेड यांना स्नोंचे म्हणणे पटले नव्हते. ते खोडून काढण्यासाठी त्यांनी स्वतः चौकशी केली आणि ते खरे असल्याचेच सिद्ध झाले. पंपासमोरच्या घरात पाच महिन्यांचे एक तान्हे बाळ जुलाबाने आजारी होते. आईने त्याची दुपटी धुतली आणि ते पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले. खड्ड्याच्या विटा निखळलेल्या होत्या आणि विहीर तीन फुटांच्याही आत! बाळ गेले, पुढे बाळाचे वडीलही गेले. भगिनींनो, त्या आईने आपल्यापैकी कोणीही केले असते तेच केले. मग दोष तिचा की फुटक्या खड्ड्याचा?

स्नो १८५८ साली वारले, तेव्हाही जग हवेलाच दोष देत होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञांनी कलकत्त्याला पटकीचे जंतू रुग्णांच्या पोटात आणि तळ्याच्या पाण्यात दाखवले. तरीही म्युनिकचे पेटेनकोफर नावाचे वृद्ध प्राध्यापक मानेनात. १८९२ मध्ये ते जंतू सर्वांदेखत पिऊन मोकळे झाले! थोड्या जुलाबावर निभावले, म्हणून त्यांना आपलेच खरे वाटले. हट्टाला शिक्षणाचे बंधन नसते.

आपल्याकडेही तसेच झाले. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. सरकारने घरात शिरून सामान बाहेर काढले, जाळले, भिंतींना चुना फासला, माणसे छावण्यांत नेली. उंदरांच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत १८९८ मध्ये शोधून काढले. त्याच्या आधीच, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सारे जग माणसाला भिऊन दूर पळत होते, तेव्हा ती माउली माणसाजवळ गेली.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आपल्या वाडीत काविळीची साथ आली होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. पहिला रुग्ण निघाला तो नुकत्याच राहायला आलेल्या एका बिऱ्हाडात. पाठोपाठ आणखी सहा घरी कावीळ. “त्या बाईचा पायगुण,” अशी कुजबुज सुरू झाली. तिच्या हातचे पाणी कोणी घेईना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बोलावणी करण्याचे काम माझ्याकडे होते. मी तिचे दार वगळून पुढे गेले. कोणी मला सांगितले नव्हते; मीच वगळले.

पुढे रस्ता खणला तेव्हा कळले की गटारातून गेलेला पाण्याचा नळ गंजून फुटला होता. कावीळ झाली ती सारी घरे त्याच नळावरची. पलीकडच्या ओळीला पाणी दुसऱ्या नळाचे. तिथे एकही रुग्ण नव्हता. आणि मुलीने पुस्तकातून दाखवले की दूषित पाणी पोटात गेल्यावर अशी कावीळ दिसायला बहुधा तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे सातही घरांनी ते पाणी जवळजवळ एकाच सुमारास प्यायले असणार. त्या घरी ती आधी दिसली, एवढेच. तोवर त्या बाई जागा सोडून गेल्या होत्या. त्यांची क्षमा मागायची राहून गेली, ती या पानावर मागते.

नुसत्या क्षमेने भागत नाही, म्हणून एक सूचना करते. मंडळाने एक वही घालावी. वाडीतल्या कोणत्या घराला कोणत्या नळाचे पाणी येते, ते तिच्यात लिहून ठेवावे. कोणी आजारी पडले की नाव, तारीख आणि पाणी यांची नोंद करावी. एका ओळीत दोन-तीन रुग्ण दिसले की लगेच पाणी उकळून प्यायला सुरुवात करावी आणि वही घेऊन पालिकेच्या कचेरीत जावे. याला फार शिक्षण लागत नाही. स्नोंनीही दारोदार जाऊन एकच प्रश्न विचारला होता.

पुढच्या वेळी साथ आली तर “कोणामुळे?” असे न विचारता “कशामुळे?” असे आपण विचारू या. वहीची पहिली पाने मी आखून आणीन. आणि यंदाच्या हळदीकुंकवाची बोलावणी पुन्हा माझ्याकडे दिलीत, तर एकही दार वगळणार नाही.