पेटंटचे दावे

पेटंटचा दावा (एकस्व-दावा, प्रचारात 'क्लेम') म्हणजे पेटंटच्या विनिर्देशाच्या अखेरीस येणारे, क्रमांक दिलेले असे विधान, की ज्यामुळे संशोधकाला मिळणाऱ्या अनन्य हक्काची हद्द ठरते. विनिर्देशातील वर्णन व आकृत्या शोध समजावून सांगतात; हक्क मात्र दाव्यांतील शब्दांनी निश्चित होतो. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमेचे जे स्थान, तेच पेटंटमध्ये दाव्यांचे होय. मराठीत 'दावा' या शब्दाचा न्यायालयातील फिर्याद असा जो रूढ अर्थ आहे, तो येथे अभिप्रेत नाही.

वर्णनात सविस्तर सांगितलेली, पण दाव्यात न आलेली गोष्ट सर्वसाधारणपणे जनतेची होते. अर्ज साधारणतः अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होत असल्याने ती गोष्ट गुप्तही राहत नाही आणि संरक्षितही होत नाही. म्हणून एखाद्या पेटंटचे मोल वर्णनाच्या पृष्ठसंख्येवरून नव्हे, तर पहिल्या दाव्याच्या चार-सहा ओळींवरून जोखले जाते.

कायदेशीर आधार

भारतात पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १० नुसार संपूर्ण विनिर्देशाचा शेवट एका किंवा अनेक दाव्यांनी होणे आवश्यक आहे. दावे स्पष्ट व संक्षिप्त असावेत, विनिर्देशात उघड केलेल्या माहितीवर रास्तपणे आधारलेले असावेत आणि एकाच शोधाशी, किंवा एकाच शोधकल्पनेने जोडलेल्या शोधांच्या समूहाशी संबंधित असावेत, अशा अटी त्याच कलमात आहेत. अगोदर तात्पुरते विनिर्देश दाखल केले असल्यास त्यात दावे नसले तरी चालते. मात्र बारा महिन्यांच्या आत संपूर्ण विनिर्देश द्यावे लागते. दहापेक्षा अधिक दावे असल्यास प्रत्येक जादा दाव्यासाठी वेगळे शुल्क पडते. कागदपत्रे हिंदीत किंवा इंग्रजीत सादर करावी लागतात. मराठीत अर्ज स्वीकारला जात नाही. या लेखातील मराठी मसुदे त्यामुळे केवळ समजुतीसाठी आहेत.

इतिहास

आरंभीच्या पेटंटांत दावे नसत. संशोधक आपल्या यंत्राचे वर्णन करी आणि त्यात नवे काय, हे पुढे न्यायालयाने शोधून काढायचे. या अनिश्चिततेवर उपाय म्हणून अमेरिकेच्या १८३६ च्या कायद्याने संशोधकाने आपला शोध नेमकेपणाने निर्देशित करावा असे बंधन घातले आणि १८७० च्या कायद्याने ते अधिक कडक केले. इंग्लंडमध्ये १८८३ च्या कायद्यापासून दाव्यांचे स्वतंत्र विधान आवश्यक ठरले.

दाव्याची रचना

दावा हे व्याकरणदृष्ट्या एकच वाक्य असते, मग ते पानभर लांबले तरी चालते. त्याचे तीन भाग पडतात. आरंभीची प्रस्तावना वस्तू कोणत्या प्रकारची आहे ते सांगते. त्यानंतर संयोजक शब्द येतो. शेवटी शोधाची अंगे आणि त्यांचे परस्परसंबंध येतात. नुसती अंगांची यादी म्हणजे दावा नव्हे. पाट, पाते आणि स्प्रिंग एका पिशवीत भरली म्हणून यंत्र होत नाही. कोणते अंग कशाला जोडलेले आहे व काय करते, हे सांगावेच लागते.

संयोजक शब्द दिसायला क्षुल्लक, पण परिणामाने फार मोठा असतो. 'यांचा समावेश आहे' अशी खुली शब्दयोजना केल्यास प्रतिस्पर्ध्याने सर्व अंगे घेऊन त्यात आणखी एखादी भर घातली तरी तो हद्दीतच राहतो. 'केवळ यांचेच बनलेले' अशी बंद शब्दयोजना केल्यास तीच भर त्याची सुटका करते. यंत्रांच्या दाव्यांत म्हणूनच खुली योजना रूढ आहे. मिश्रधातू आणि औषधी मिश्रणे यांत मात्र बंद योजना कधी कधी मुद्दाम केली जाते, कारण तेथे एखादा घटक नसणे हेच नावीन्य असू शकते.

युरोपात द्विखंडी दाव्याची पद्धत आहे. पूर्वार्धात आधीपासून ज्ञात असलेली अंगे, मग 'वैशिष्ट्य असे की' या अर्थाचे शब्द, आणि उत्तरार्धात नवे ते. रसायनशास्त्रात 'पुढील समूहातून निवडलेला' अशी पर्यायांची यादी देणाऱ्या दाव्याला, १९२० च्या दशकातील एका अमेरिकन अर्जदाराच्या नावावरून, मार्कुश दावा म्हणतात.

एक उदाहरण

समजा, एखाद्याने अशी विळी बनवली की पाटावरची पट्टी पायाने दाबलेली असेपर्यंत पाते उघडे राहते आणि पाय उचलताच स्प्रिंगच्या जोराने पात्यावर झाकण येते. घरात रांगते मूल असलेल्यांना अशा विळीचे महत्त्व सांगायला नको. नवख्या संशोधकाचा पहिला मसुदा बहुधा समोरच्या नमुन्याचे हुबेहूब चित्र काढतो:

'सागवानी लाकडाचा ४५ सेंटिमीटर लांबीचा पाट, त्यावर दोन खिळ्यांनी बसवलेले पोलादी पाते, डाव्या बाजूस पितळी पट्टी आणि त्या पट्टीस जोडलेली पोलादी स्प्रिंग असलेली विळी.'

या मसुद्यात चूक काही नाही; संरक्षणही जवळपास नाही. दाव्यातील प्रत्येक अंग प्रतिस्पर्ध्याच्या वस्तूत आढळले तरच उल्लंघन होते, हा मूळ नियम आहे. पाट प्लास्टिकचा केला किंवा पट्टी उजवीकडे नेली, की प्रतिस्पर्धी मोकळा. हे लक्षात आल्यावर संशोधक दुसऱ्या टोकाला जातो:

'धारदार पाते आणि ते झाकण्याचे साधन असलेले कापण्याचे उपकरण.'

आता हद्द विशाल झाली, पण तिच्यात तलवारीचे म्यानही येऊन बसले. पूर्वी ज्ञात असलेली एक जरी वस्तू दाव्याच्या शब्दांत बसत असेल तर नावीन्य संपते आणि दावा कोसळतो. मसुदाकाराचे काम या दोहोंच्या मध्ये, शोधाचे मर्म जेथे आहे तेथे, रेषा ओढण्याचे असते. येथे मर्म झाकणात नाही, स्प्रिंगमध्ये नाही. वापरणाऱ्याचा दाब निघताच धार झाकली जाते, यात आहे. त्यावरून तिसरा मसुदा असा होतो:

'१. अन्नपदार्थ कापण्याची विळी, जिच्यामध्ये एक पाट. सदर पाटावर उभे बसवलेले, धार असलेले एक पाते. सदर धार उघडी राहील अशा पहिल्या व ती झाकली जाईल अशा दुसऱ्या स्थितीमध्ये हलणारे एक झाकण. सदर पाटावर बसवलेला, वापरणाऱ्याच्या शरीराने दाबला जाणारा एक दाब-घटक. सदर दाब-घटक दाबला असता सदर झाकण पहिल्या स्थितीत नेणारी एक जोडणी. आणि दाब निघताच सदर झाकण दुसऱ्या स्थितीत परत आणणारे एक प्रत्यावर्ती साधन, यांचा समावेश आहे.'

यातील काही शब्दांमागे विचार आहे. 'भाजी चिरण्याची' असे लिहिले असते, तर मासे कापण्यासाठीच विळी विकतो, असे म्हणण्यास प्रतिस्पर्ध्याला जागा मिळाली असती. कोकणात ती सबब सहज पटलीही असती. 'पायाने' ऐवजी 'शरीराने' म्हटल्यामुळे गुडघ्याने दाबायची पट्टीही हद्दीत आली. मात्र असे व्यापक शब्द वापरायचे तर वर्णनातही पाय व गुडघा या दोन्ही रचना सांगितलेल्या हव्यात, नाहीतर दावा वर्णनावर आधारलेला नाही असा आक्षेप येतो. एखादे अंग प्रथम आले की 'एक', पुन्हा आले की 'सदर', हा शिरस्ता कानाला खटकतो खरा. पण कोणते झाकण, कोणते पाते, असा संशय त्यामुळे उरत नाही. याच कारणाने दाव्यात समानार्थी शब्दांची हौस भागवता येत नाही. निबंधात 'पाते', मग 'धार', मग 'पोलाद' असे लिहिल्यास भाषा समृद्ध वाटते. दाव्यात मात्र त्या तीन वेगळ्या वस्तू ठरतात.

स्वतंत्र व अवलंबी दावे

वरील दावा स्वतःच्या पायावर उभा असल्याने त्यास स्वतंत्र दावा म्हणतात. त्यामागून येणारे अवलंबी दावे आधीच्या दाव्याचा सर्व आशय स्वीकारून त्यात काही विशेष जोडतात:

'२. दावा १ मधील विळी, जिच्यात सदर प्रत्यावर्ती साधन ही स्प्रिंग आहे.'

'३. दावा १ किंवा २ मधील विळी, जिच्यात सदर पात्याच्या टोकास खवणी असून सदर झाकण दुसऱ्या स्थितीत सदर खवणीसही झाकते.'

अवलंबी दावा नेहमी मूळ दाव्याहून अरुंद असतो. मग तो लिहायचा कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास पडतो. उत्तर किल्ल्याच्या रचनेत आहे. पडकोट पडला तरी बालेकिल्ला लढवता येतो. उद्या कोणी पायाने उघडणाऱ्या झाकणाची जुनी विळी पुराव्यादाखल आणली तर पहिला दावा जाईल. त्या विळीला खवणी नसेल, आणि खवणीपर्यंत झाकण नेणे जाणकारालाही सहज सुचणारे नसेल, तर तिसरा टिकेल. प्रत्येक दाव्याची वैधता वेगळी तपासली जाते. उघड सुचणाऱ्या किरकोळ बाबींचे अवलंबी दावे, उदाहरणार्थ झाकणाचा रंग, अडचणीच्या वेळी काहीच वाचवत नाहीत आणि शुल्क तेवढे वाढवतात.

व्याप्तीची मर्यादा

अतिव्यापक दाव्याचे प्रसिद्ध उदाहरण तारायंत्राचा जनक सॅम्युअल मोर्स याचे आहे. आपल्या आठव्या दाव्यात त्याने वर्णिलेल्या यंत्रापुरते न थांबता, विद्युतचुंबकीय शक्तीने कितीही अंतरावर अक्षरे उमटवण्याच्या प्रत्येक रीतीवर हक्क सांगितला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५४ मध्ये इतर दावे मान्य करून हा दावा फेटाळला. जी रीत मोर्सने शोधलीच नव्हती, तिच्यावर त्याचा हक्क कसा, हा न्यायालयाचा प्रश्न होता. विजेच्या दिव्याबाबतही असेच घडले. सॉयर व मॅन यांनी कार्बनयुक्त कागदाची तार बनवली आणि दावा मात्र सर्व तंतुमय पदार्थांवर केला. एडिसनने हजारो वनस्पती तपासून बांबूचा विशिष्ट तंतू निवडला होता. बहुसंख्य तंतुमय पदार्थ या कामी निरुपयोगी असल्याचे त्या तपासणीतून दिसून आले आणि १८९५ मध्ये त्याच न्यायालयाने तो दावा अवैध ठरवला.

भारतीयांच्या स्मरणातील उदाहरण हळदीचे. अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये दिल्या गेलेल्या एका पेटंटात जखम भरून येण्यासाठी रुग्णास हळदपूड देण्याच्या पद्धतीवर दावा होता. हळदीवरच पेटंट घेतले, असे तेव्हा सर्रास म्हटले गेले; ते बरोबर नव्हते. दावा पदार्थावर नसून वापराच्या पद्धतीवर होता, आणि म्हणूनच तो खोडण्यासाठी हळद भारतात पिकते हे सांगून भागले नसते. तोच वापर पूर्वी लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाल्याचे दाखवणे आवश्यक होते. मूळचे गोव्यातील माशेलचे शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) ग्रंथ व नियतकालिकांतील ३२ संदर्भ सादर केले. त्यांत १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

बासमतीच्या पेटंटात परिणाम वेगळा झाला. राइसटेक या अमेरिकन कंपनीच्या १९९७ च्या पेटंटात वीस दावे होते. भारताच्या आक्षेपानंतर त्यांपैकी व्यापक दावे गळाले व कंपनीने स्वतः विकसित केलेल्या विशिष्ट वाणांपुरते पाच उरले. किल्ल्याची वरील उपमा येथे शब्दशः लागू पडते.

भारतात न चालणारे दावे

शोध कितीही उपयुक्त असला तरी कलम ३ मध्ये मोडणाऱ्या बाबींवर दावा करता येत नाही. मानवाच्या वैद्यकीय उपचारांच्या पद्धती, गणितीय वा व्यावसायिक पद्धती, अल्गोरिदम, निव्वळ संगणकप्रणाली आणि पारंपरिक ज्ञान या त्यांपैकी काही. हळदीच्या दाव्यासारखा दावा भारतात या कारणानेही टिकला नसता. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढत नसेल तर कलम ३(घ) आड येते. याच कलमाखाली १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाबाबत नोव्हार्टिस कंपनीचे अपील फेटाळले. आधीच्या पेटंटच्या दाव्यात एखादे संयुग 'समाविष्ट' होते पण 'उघड' झालेले नव्हते, हा कंपनीचा युक्तिवादही न्यायालयाने मान्य केला नाही. हद्द सांगताना दूरवर हात पसरायचा आणि नावीन्य सिद्ध करताना तो आखडता घ्यायचा, असे दोन्ही करता येत नाही.

दुरुस्ती व अर्थनिर्णय

परीक्षकाच्या आक्षेपांनंतर दावे सुधारता येतात. परंतु कलम ५९ नुसार सुधारलेला दावा आधीच्या दाव्यांच्या व्याप्तीतच बसला पाहिजे. हद्द आत ओढता येते, बाहेर सरकवता येत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी अरुंद दावे दाखल करणाऱ्याला मागाहून फारसा वाव उरत नाही. एकाच अर्जात एकाहून अधिक शोध आढळल्यास कलम १६ खाली विभाजित अर्ज करता येतो.

दाव्यांचा अर्थ लावताना आधी वर्णन वाचून शोध समजून घ्यावा आणि मग दाव्यांकडे वळावे, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने भांडी बनवण्याच्या यंत्राविषयीच्या विश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात (१९७८) सांगितले. शब्द किती ताणायचे, याचा दाखला म्हणून इंग्लंडमधील कॅट्निक खटला सांगितला जातो. पोलादी लिंटेलच्या दाव्यात मागची पट्टी 'उभी' असल्याचे म्हटले होते. प्रतिस्पर्ध्याने ती सहा ते आठ अंशांनी कलती ठेवली. हाउस ऑफ लॉर्ड्सने उल्लंघन झाल्याचे ठरवले, कारण इतक्या कलाने भार पेलण्यात फरक पडत नाही आणि 'उभी' म्हणजे काटेकोर नव्वद अंश, असे कोणताही जाणकार बांधकाम व्यावसायिक समजणार नाही.