क्षेपक आणि ठिगळ : जुन्या कन्सोल-खेळांच्या पाठपरिवर्तनाचा इतिहास

१

संत बहिणाबाईंचे (1628-1700) माहेर असलेले देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातील गाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. बहिणाबाईंनी वज्रसूचीतील विचार मराठी अभंगांत उतरविला. संस्कृतात बंदिस्त असलेला मजकूर लोकभाषेत आणावयाचा, तर मूळ पाठास कोठे धक्का लावावा आणि कोठे लावू नये, हा प्रश्न अशा प्रत्येक रूपांतरकारापुढे उभा राहतो. त्याच जिल्ह्यातील पैठण येथे एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात पुढे कोणी ओवीची भर घालू नये अशी ताकीदही दिली. एकाच प्रदेशातील ही दोन उदाहरणे पाठपरिवर्तनाच्या दोन बाजू दाखवितात. एक पाठ नव्या वाचकापर्यंत नेण्याची, दुसरी त्याचे मूळ रूप राखण्याची.

या दोन्ही बाजूंचा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस एका अनपेक्षित क्षेत्रात नव्याने करावा लागला. दूरचित्रवाणी-संचाला जोडून खेळावयाच्या जुन्या कन्सोल-खेळांची आज्ञावली संगणकावर उतरवून घ्यावयाची, 'इम्युलेटर' नामक अनुकारी आज्ञावलीच्या साहाय्याने ती चालवावयाची आणि तिच्यातील चित्रे, रचना किंवा भाषा बदलावयाची, अशी ही प्रथा आहे. तीस 'मॉडिंग' किंवा 'रॉम हॅकिंग' असे म्हणतात. हा केवळ पोरखेळ आहे असे समजून भाषाभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवावी हे योग्य नव्हे. कारण लिपी, संकेतन, भाषांतर आणि पाठचिकित्सा या चारही विषयांचे प्रश्न येथे मूर्त स्वरूपात आढळतात.

२

या इतिहासाचा आरंभ संगणकापासून होत नाही, कॅसेटपासून होतो. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम हा कन्सोल जपानात 15 जुलै 1983 रोजी विक्रीस आला. भारतात त्याचे सर्वाधिक परिचित रूप म्हणजे त्याच्या नकला होत. 'समुराई', 'मीडिया', 'लिट्‌ल मास्टर', 'टर्मिनेटर' या नावांची यंत्रे 1990 नंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. खेळाच्या कार्ट्रिजला आपल्याकडे सर्रास 'कॅसेट' म्हणत. ध्वनिफितीशी तिचा काही संबंध नव्हता. यंत्रात खुपसावयाची प्लास्टिकची पेटी, एवढ्या साम्यावर हे नाव रूढ झाले.

या कॅसेटींतील बहुसंख्य खेळ अनधिकृत प्रती होत्या, आणि येथेच पाठपरिवर्तनाची पहिली पायरी दिसते. एकाच कॅसेटीत शेकडो, किंबहुना लक्षावधी खेळ असल्याची जाहिरात वेष्टनावर असे. प्रत्यक्षात मूळ खेळ मोजकेच असत. आरंभीचे काही बाइट बदलून तोच खेळ कधी तिसऱ्या टप्प्यापासून, कधी अधिक 'जीव' देऊन सुरू केला जाई आणि प्रत्येक भेदास यादीत स्वतंत्र नाव मिळे. शिवाय, शीर्षपटावरील निर्मात्याचे नाव व वर्ष अनेकदा पुसून टाकलेले असे. हस्तलिखितांच्या परिभाषेत बोलावयाचे, तर लेखनिकाने पाठात क्षेपक घातला आणि पुष्पिका खोडली. त्यामुळे येथील मुलांना जो पाठ 'मूळ' म्हणून ठाऊक झाला, तो वस्तुतः एका अनामिक लेखनिकाचा पाठभेद होता.

३

संगणकावरील अनुकाराने या व्यवहाराचे स्वरूप पालटले. इम्युलेटर हा मूळ यंत्राच्या प्रक्रियकाच्या आज्ञा एकामागून एक वाचतो, त्यांचा अर्थ लावतो आणि तेच कार्य दुसऱ्या यंत्रावर घडवून आणतो. मरात फैझुलिन यांनी 1996 मध्ये आपल्या 'आय-नेस' या इम्युलेटरबरोबर फॅमिकॉम-खेळांच्या धारिकेचे एक रूप रूढ केले. त्यात प्रारंभी सोळा बाइटांचे शीर्षक असून कॅसेटीची अंतर्गत रचना त्यात नोंदलेली असते. 1997 च्या एप्रिलमध्ये 'नेस्टिकल' हा इम्युलेटर आला. खेळ चालू असतानाच त्यातील चित्रांचे तुकडे बदलण्याची सोय त्यात होती; त्यामुळे यंत्रभाषा न जाणणाऱ्यासही फेरफार करता येऊ लागला. सन 2000 मध्ये आलेल्या 'लूनर मॅजिक' या साधनाने 'सुपर मारिओ वर्ल्ड' या खेळाचे टप्पे नव्याने रचणे सुलभ केले.

हे शक्य होण्याचे एक कारण मूळ पाठाचा आटोपशीरपणा हे होय. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ अवघा 40 किलोबाइटांचा आहे: 32 किलोबाइट आज्ञा आणि 8 किलोबाइट चित्रे. एका व्यक्तीस असा पाठ पहिल्या बाइटापासून अखेरपर्यंत तपासता येतो.

फेरफार इतरांपर्यंत पोहोचविण्याची रीत हा या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. बदललेला संपूर्ण खेळ वाटणे म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या कृतीची प्रत वाटणे. त्याऐवजी केवळ भेदांची नोंद असलेली लहान धारिका वाटण्याचा प्रघात पडला. तिला 'पॅच' म्हणतात. मराठीत 'ठिगळ' हा शब्द तिला यथार्थ आहे. 'आय-पी-एस' या जुन्या पद्धतीत प्रत्येक भेदासाठी तीन बाइटांत स्थान, दोन बाइटांत लांबी आणि त्यापुढे नवा मजकूर एवढेच लिहिलेले असते. स्थानदर्शक संख्या तीन बाइटांचीच असल्याने 16 मेगाबाइटांपलीकडील पाठास हे ठिगळ लागत नाही. शिवाय, आपण योग्य प्रतीसच ठिगळ लावीत आहोत की नाही, हे पाहण्याची सोय या पद्धतीत नव्हती. चुकीच्या प्रतीस लावल्यास दोन्ही पाठ बिघडत. 'यू-पी-एस' व 'बी-पी-एस' या पुढील पद्धतींत मूळ प्रतीची पडताळणी-संख्या समाविष्ट करून हा दोष दूर करण्यात आला.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा शतकानुशतके एकमेकांत मिसळलेले पाठ विलग करून पाठभेद तळटीपांत मांडावे लागले. ठिगळाच्या पद्धतीत संहिता आणि क्षेपक प्रारंभापासूनच वेगळे राहतात. संग्राहकांच्या एका जुन्या सूचिपद्धतीत तर प्रत्येक प्रतीपुढे कंसात खूण असे: पडताळलेली प्रत, सदोष प्रत, फेरफार केलेली प्रत, चोरटी प्रत, भाषांतरित प्रत. ही प्रतींची संकेतचिन्हे पाठचिकित्सेशी संबंध नसलेल्या हौशी तरुणांनी केवळ गरजेपोटी निर्माण केली.

४

या परंपरेत भाषांतराचे स्थान विशेष आहे. डच 'ओअॅसिस' गटाने 1993 मध्ये 'एस-डी स्नॅचर' हा जपानी खेळ इंग्रजीत आणला. हे अशा भाषांतराचे एक आरंभीचे उदाहरण होय. 1992 चा 'फायनल फँटसी 5' हा खेळ 'आर-पी-जी-ई' या हौशी गटाने 1997-98 मध्ये इंग्रजीत उपलब्ध केला. अधिकृत इंग्रजी आवृत्ती 1999 मध्ये आली. 2006 मध्ये जपानात प्रसिद्ध झालेल्या 'मदर 3' चे हौशी भाषांतर ऑक्टोबर 2008 मध्ये पूर्ण झाले.

अशा भाषांतराची पहिली पायरी लिपिवाचनाची आहे. जुन्या खेळांत अक्षरांस प्रमाणित संकेत नसत. प्रत्येक खेळाची अक्षरसूची स्वतंत्र असे. ती शोधण्यासाठी 'सापेक्ष शोध' करतात. अक्षरे वर्णक्रमाने मांडलेली असतील, तर 'क' ची संख्या कोणतीही असो, 'कमल' या शब्दात 'क' पासून 'म' चे अंतर 24 आणि 'म' पासून 'ल' चे अंतर 3 असलेच पाहिजे. पडद्यावर दिसणाऱ्या शब्दातील अशी अंतरे बाइटांच्या ओळीत शोधली, की संपूर्ण सूची उलगडते. अज्ञात लिपीचा वाचक पुनरावृत्ती व परस्परसंबंध यांवरून पुढे जातो, तीच ही रीत आहे.

दुसरी अडचण जागेची. जपानी काना लिपीत एक चिन्ह प्रायः एक अक्षरावयव दर्शविते. इंग्रजीत त्यासाठी दोन-तीन वर्ण लागतात. म्हणून हौशी भाषांतरकारांस वारंवार येणाऱ्या वर्णजोड्यांना एकच संकेत देण्याची आणि मजकूर अन्यत्र हलवून त्याचे स्थानदर्शक बदलण्याची युक्ती करावी लागली. मूळ निर्मात्यांनाही ही टंचाई होती. 1986 च्या 'ड्रॅगन क्वेस्ट' मध्ये मोजकीच काताकाना अक्षरे ठेवण्यात आली आणि विशेषनामे त्यांतच बसविण्यात आली.

५

देवनागरीचा प्रश्न येथे उपस्थित होतो. फॅमिकॉमचा पडदा 8 × 8 बिंदूंच्या चौकटींनी बनतो. आडव्या 32 व उभ्या 30. पार्श्वभूमीसाठी एका वेळी 256 भिन्न चौकटी उपलब्ध असतात आणि त्यांतच झाडे, भिंती व अक्षरे यांची सोय लावावी लागते. रोमन वर्ण एका चौकटीत सहज बसतो. देवनागरीस मात्र तीन मजले लागतात: वर मात्रा, अनुस्वार व रेफ, मध्ये अक्षराचे अंग, खाली उकार व ऋकार. पार्श्वभूमीत एका चौकटीवर दुसरी चौकट चढविता येत नसल्याने हे मजले वेगळेच जुळवावे लागतात. छापखान्यातील खिळेजुळणीचा हाच जुना प्रश्न होय.

तथापि हिशेब निराशाजनक नाही. मधल्या मजल्यासाठी 34 व्यंजने, 'क्ष' व 'ज्ञ', मोजके स्वर आणि सुमारे वीस अर्धी अक्षरे. काना व ऱ्हस्व इकाराचे दंड. वरील मजल्यासाठी दहा-बारा चिन्हे, खालील मजल्यासाठी चार-पाच. शिवाय अंक व विरामचिन्हे. ही संख्या शंभराच्या आसपास राहते. सावरकरांनी पुरस्कारिलेली 'अ'ची बाराखडी स्वीकारल्यास स्वतंत्र स्वरचिन्हांची आणखी बचत होते. एके काळी छपाईच्या सोयीसाठी मांडलेल्या सुधारणेस येथे नवे प्रयोजन लाभते. शिरोरेषाही प्रतिकूल नाही: प्रत्येक मधल्या चौकटीच्या माथ्यावर आठ बिंदूंची पूर्ण रेघ ओढली, की शेजारच्या चौकटींशी ती आपोआप जुळते आणि कोऱ्या चौकटीपाशी शब्दासह तुटते. स्वरान्त उच्चार अक्षरातच अंतर्भूत असल्याने 'कमल' तीन चिन्हांत भागतो. रोमन लिपीत त्यास पाच वर्ण लागतात.

याहून लक्षणीय गोष्ट अशी, की मराठीसाठी इंग्रजी आवृत्तीपेक्षा जपानी मूळ प्रत अधिक सोयीची ठरते. अनेक फॅमिकॉम-खेळांत घोषत्वदर्शक दाकुतेन चिन्ह अक्षराच्या वरील चौकटीत छापले जाई; म्हणजे प्रत्येक ओळीवर एक मजला आधीच राखून ठेवलेला असे. मात्रांना तीच जागा मिळते. उकारासाठी मात्र आणखी एक मजला वाढवावा लागतो. आठ चौकटी उंचीच्या संवादपेटीत जपानीच्या चार ओळी मावतात, तेथे देवनागरीच्या दोनच मावतील. भाषांतरकारास वाक्य आखूड करावे लागेल, आणि ही मर्यादा लिपीची असल्याने त्याच्या कौशल्याने ती सर्वस्वी टळणार नाही. उरतो ऱ्हस्व इकार. तो उच्चारात व्यंजनानंतर, लेखनात आधी येतो. जुन्या यंत्रास क्रम बदलण्याचे ज्ञान नसल्याने मजकूर दृश्यक्रमानेच साठवावा लागेल. युनिकोडने ध्वनिक्रम प्रस्थापित करण्यापूर्वीचे आपले संगणकीय फॉन्टही याच मार्गाने गेले होते.

६

या व्यवहाराच्या वैधतेकडे दुर्लक्ष करता येत नाही. अमेरिकेत 1992 मध्ये 'गेम जीनी' या उपकरणाविषयी आणि 2000 मध्ये 'कनेक्टिक्स' या कंपनीच्या इम्युलेटरविषयी झालेले अपील न्यायालयाचे निर्णय अनुक्रमे खेळात तात्पुरता बदल करणाऱ्या साधनास व अनुकारी आज्ञावलीस अनुकूल ठरले. भारताच्या 1957 च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमातील कलम 52 मध्ये, वैध रीतीने मिळविलेल्या प्रतीवरून व्यक्तिगत, अव्यापारी उपयोगासाठी संगणक-आज्ञावलीची प्रत वा रूपांतर करण्यास मुभा आहे. अनधिकृत कॅसेट ही मात्र वैध प्रत नव्हे. परिणामी एक विपरीत स्थिती उद्भवते. मूळ जपानी पाठ संग्राहकांनी काळजीपूर्वक जतन केला. परंतु आपल्या प्रदेशात प्रत्यक्ष वाचला गेलेला, म्हणजे खेळला गेलेला, क्षेपकयुक्त पाठ मात्र कायद्याच्या सावलीबाहेर, माळ्यावरील पेट्यांत पडून राहतो. ज्या चिपांत मजकूर विद्युत्-भाराच्या रूपाने साठविलेला असतो, त्यांतील भार काही दशकांत क्षीण होतो आणि त्याबरोबर पाठही नष्ट होतो.

वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरीची एक प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा रूढ पाठाहून भिन्न प्रतीचेही ऐतिहासिक मूल्य असते हे अभ्यासकांच्या ध्यानी आले. अशुद्ध पाठही साक्षीदार असतो. त्या काळी बाजारात काय येत होते, कोणत्या भाषेचे कोणते शब्द मुलांच्या कानांवर व डोळ्यांवर पडत होते, 'स्टार्ट', 'सिलेक्ट', 'गेम ओव्हर' हे शब्द शाळेतील इंग्रजीच्या पाठापूर्वीच घरात कसे शिरले, याचा पुरावा या कॅसेटींत आहे.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकापुढे दोन कामे आहेत. पहिले, कॅसेटींचे वर्णन: वेष्टनावरील मजकूर, यादीतील नावे, शीर्षपटाची स्थिती आणि प्रतीची पडताळणी-संख्या यांची नोंद. दुसरे, मराठी अक्षरसूचीची सिद्धता, जी पुढे कोणाही रूपांतरकारास ठिगळाच्या रूपाने वापरता येईल. पहिल्या कामात पाठ जसा आहे तसाच राखावयाचा आहे आणि दुसऱ्यात तो जाणीवपूर्वक बदलावयाचा आहे. मूळ आणि भर यांतील सीमा स्पष्ट नोंदलेली असेल, तर ही दोन्ही कामे परस्परविरोधी ठरत नाहीत.