रविवारी दोन तास, आठवडाभर डबा : ‘मील प्रेप’ मराठी स्वयंपाकघरात कसं जमतं?

खांदेश्वर हे हार्बर लाइनवरचं पनवेलच्या आधीचं शेवटचं स्टेशन. इथून सीएसएमटीला पोहोचायला साधारण सव्वा तास लागतो. म्हणजे दहाचं ऑफिस गाठायचं तर आठ-सव्वाआठची लोकल पकडावी लागते. त्याआधी दोन डबे, मुलांचा खाऊ आणि चहा-नाश्ता. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील, तर सकाळचा हा तास घरातला सगळ्यात महाग तास असतो. म्हणूनच रविवारी पुढच्या आठवड्याची तयारी करून ठेवण्याचे रील्स इतके बघितले जातात.

त्या रील्समध्ये एकसारखे दहा डबे दिसतात. प्रत्येकात शिजवलेला भात, भाजी, चिकन. झाकण लावायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि शुक्रवारपर्यंत खायचं. आपल्याकडे हे दोन कारणांनी फसतं. एक तर चार दिवसांची भाजी समोर आली की घरातलं कुणीतरी ‘शिळं आहे का?’ असं विचारतंच. दुसरं, शिजवलेलं अन्न फ्रीजमध्येही तीन-चार दिवसच ठेवावं. रविवारचा डबा शुक्रवारी खाणं म्हणजे उगाच जोखीम.

मग करायचं काय? जेवण नाही, जेवणाची तयारी साठवायची. फोडणी मात्र त्या दिवशी ताजीच. खरं तर ही पद्धत आपल्याला नवी नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, उन्हाळ्यातलं वाळवण हे सगळं आधी करून ठेवलेलंच असतं.

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो वाटणामुळे. कांदा आणि सुकं खोबरं भाजून एकदाच वाटा, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरमध्ये ठेवा. घट्ट झालं की वड्या पिशवीत काढा. उसळीला दोन वड्या, रश्शाला चार, असा हिशेब आपोआप बसतो. ओला नारळ फ्रीजबाहेर लवकर खराब होतो, त्यामुळे खवून थेट फ्रीजरमध्ये. आलं-लसूण पेस्टचंही तसंच. तेलात बुडवलेला लसूण मात्र ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि बोट्युलिझमचे जंतू अशाच जागी वाढतात.

मटकी किंवा मूग शुक्रवारी रात्री भिजवा, शनिवारी सकाळी कापडात बांधा. आपल्या दमट हवेत रविवारपर्यंत मोड येतात. मग ते फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत उसळ करून टाका. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही आवडते, म्हणून उसळ नीट शिजवायची.

भाज्यांचं गणित प्रत्येकीचं वेगळं. मेथी, कोथिंबीर निवडून ठेवा, पण धुवू नका. कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर टिकते, ओली ठेवली तर सडते. गवार, फरसबी आधी मोडून ठेवली तरी चालते. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करा आणि चिरा आदल्या रात्रीच. बटाटा चिरून ठेवण्यात अर्थ नाही, काळा पडतो. तुरीचं साधं वरण बिनफोडणीचं दोन दिवस फ्रीजमध्ये राहतं.

कणीक एका दिवसापुरती ठीक. नंतर ती काळपट पडते, कारण गव्हातल्या घटकांची हवेशी प्रक्रिया होते. पोळ्यांसाठी सरळ पोळी-भाजी केंद्र गाठायलाही हरकत नाही. मुंबईने हे आधीच करून पाहिलंय. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. त्यांनाच १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. पोळ्या विकत आणणं म्हणजे आळस, हे म्हणणं बहुतेक वेळा पोळ्या न लाटणाऱ्याचंच असतं!

आता भात. तो आठवड्याचा एकदम शिजवू नका. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यावरही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली, तरी तो सुरक्षित होतोच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा आणि पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७० अंश तापलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये मात्र दोन नाही, एकच तास धरा. ‘पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवायचं नाही’ म्हणून दुपारचं वरण संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहतं, तिथेच घोळ होतो. उथळ डब्यांत काढा, डबे पाण्याच्या परातीत ठेवा. अर्ध्या तासात निवतं.

रील्समध्ये न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७. रविवारची तयारीही एकटीनेच करायची असेल, तर वेळ वाचला असं म्हणता येत नाही. तिची एकुलती एक सुट्टी तेवढी गेली. वाटण, निवडणं, मोड बांधणं यातलं एकही काम हातखंडा लागणारं नाही. क्रिकेट बघता बघता गवार मोडता येते. आणि कोण काय करणार, हे शनिवारी बाजारात जातानाच ठरलेलं बरं, कारण यादी करणं हेही कामच आहे.

डब्यांवर तारीख टाका, साध्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलं तरी पुरे. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद राहिला तर आतलं अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं. खच्चून भरलेला फ्रीजर न उघडता त्याहून बराच जास्त वेळ टिकतो. त्यापुढे वास घेऊन ठरवू नका, कारण बरेच घातक जंतू वासाने कळत नाहीत.