द गॉल यांची मोटार आणि चाकाची जागा

१/ २२ ऑगस्ट १९६२ ची संध्याकाळ. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल पत्नी इव्होन यांच्यासह पॅरिसहून विलाकुब्ले विमानतळाकडे निघाले होते. अल्जीरियाच्या स्वातंत्र्याने संतापलेल्या बास्तियाँ-तिरीच्या गटाने पेती-क्लामार येथे त्यांच्या सिट्रोएन डीएस मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला. दोन टायर फुटले. तरीही चालक फ्रान्सिस मारू यांनी मोटार सुखरूप बाहेर काढली.

२/ या सुटकेचे श्रेय प्रथम मारू यांच्या कौशल्याला आणि काहीसे दैवाला. परंतु १९५५ साली जगापुढे आलेल्या या मोटारीच्या रचनेचाही त्यात वाटा मानला जातो. तिच्या सस्पेन्शनविषयी पुष्कळ लिहिले गेले. पुढच्या चाकांच्या जागेविषयी फारसे नाही.

३/ पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत भेटतो. टायरचा मध्य त्या बिंदूच्या बाहेर जितका दूर, तितकी मोठी तरफ. एका बाजूचा टायर फुटला की वाढलेला रोध या तरफेद्वारे स्टिअरिंगला हिसका देतो. डीएसमध्ये हे अंतर जवळजवळ शून्य ठेवले होते.

४/ १९७२ च्या ऑडी ८० मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. तेथे अक्षाचा बिंदू टायरच्या मध्याबाहेर नेला होता. ब्रेकची एक वाहिनी निकामी होऊन पुढचे एकच चाक रोखले गेले, तर मोटार त्या बाजूला ओढली जाते. पण ही रचना चाकांना आपोआप उलट दिशेला वळवून तो ओढा सावरते.

५/ आता व्हील स्पेसरकडे पाहू. हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी ही चकती. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरची लावली की चाकांमधील अंतर ४० मिलिमीटरने वाढते. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार थोडा घटतो, मोठ्या ब्रेकसाठी जागा होते आणि मोटार रुबाबदार दिसते. हे लाभ खरे आहेत.

६/ किंमतही खरी आहे. तीच तरफ २० मिलिमीटरने बदलते: शून्य असेल तर उरत नाही, ऑडीसारखी असेल तर सावरण्याचा गुण घटतो किंवा नाहीसा होतो. बेअरिंगवरचा ताण वाढतो. मूळ बोल्ट तेवढेच ठेवले तर आटे कमी धरतात आणि चाक निखळण्याचा धोका उद्भवतो. स्पेसर हबच्या मध्यावर नेमका बसला नाही तर चाक थरथरते.

७/ चांगल्या धातूचा, हबवर घट्ट बसणारा स्पेसर आणि योग्य लांबीचे बोल्ट यांनी शेवटचे दोन धोके बव्हंशी टळतात. तरफेचा प्रश्न मात्र कितीही महाग स्पेसर घेतला तरी सुटत नाही, कारण तो भूमितीचा आहे. सपाट रस्त्यावर, चारही टायर शाबूत असताना हा फरक क्वचितच जाणवतो. म्हणूनच तो नाही असे वाटते. डीएसच्या रचनाकारांनी विचार केला होता तो टायर फुटण्याच्या क्षणाचा.