तात्पर्य नसलेले उंदीर

मराठी शाळकरी वाचकाला बोलणारा प्राणी नवा नाही. पंचतंत्र-हितोपदेशाची परंपरा जुनीच. मुद्रणयुगात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापच्या कथा मराठीत आणल्या. या कथांतला कोल्हा का बोलतो, असे कोणी विचारत नाही. तो माणसाच्या वतीने बोलतो आणि तात्पर्य सांगून कथा संपते.

विज्ञानकथेने हा ‘का’ विचारला. एच. जी. वेल्स यांच्या १८९६ च्या ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’मध्ये प्राणी बोलतात, कारण एका शास्त्रज्ञाने शस्त्रक्रिया करून त्यांना माणसासारखे घडवलेले असते. इंग्लंडात जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांचा वाद तेव्हा जुना झाला होता. त्यांवर निर्बंध घालणारा कायदा १८७६ मध्येच झाला होता. कुमारांसाठी हेच सूत्र रॉबर्ट ओब्रायन यांनी १९७१ मध्ये ‘मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम’ या कादंबरीत वापरले. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळाले. टोचलेल्या औषधांमुळे प्रयोगशाळेतले उंदीर हुशार होतात, वाचायला शिकतात आणि पिंजरा उघडून पळतात. पुढे एका शेतकऱ्याची वीज चोरून ते सुखात राहू लागतात. पण चोरीवर जगणे त्यांच्यातल्याच काहींना बोचू लागते.

काही वर्षांपूर्वी ही गोष्ट मी सातवीच्या वर्गात मराठीतून सांगितली. सवयीप्रमाणे फळ्यावर ‘तात्पर्य’ असे लिहून वह्या काढायला लावल्या. ‘चोरी करू नये’ हे बहुतेकांनी लगेच लिहिले. एका मुलीची वही मात्र कोरीच होती. ती म्हणाली, “सर, इंजेक्शन देताना उंदरांना कुणी विचारलं होतं का? मग चोर फक्त तेच कसे?”

“उंदरांना काय विचारायचं?” मागच्या बाकावरून आवाज आला.

“पण त्यांना आता वाचता येतं ना!”

तास संपला तरी वाद मिटला नाही. फळ्यावरचा शब्द मी पुसून टाकला.

इसापच्या कथेतला प्राणी मुलांना शिकवण देतो. या कथेतला प्राणी माणसाच्या वागण्याचा जाब विचारतो. हा फरक शिक्षकानेच ओळखला नाही, तर नवी कथाही जुन्याच साच्यात बसवली जाते. माझ्या हातून तेच होणार होते. आता अशी गोष्ट सांगून झाली की मी वह्या काढायला सांगत नाही; आधी मुलांना प्रश्न विचारू देतो.