राजापूर लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास

राजापूर हा महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरील एक भूतपूर्व लोकसभा मतदारसंघ होय. इ.स. १९५७ पासून २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपर्यंत तो अस्तित्वात होता. पुनर्रचनेनंतर त्याचा बहुतांश प्रदेश रत्नागिरी–सिंधुदुर्ग (क्रमांक ४६) या नव्या मतदारसंघात समाविष्ट झाला. राजापूर मतदारसंघात एकूण तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्यांतून केवळ चार व्यक्ती लोकसभेवर निवडून गेल्या : बॅ. नाथ पै, प्रा. मधू दंडवते, सुधीर सावंत आणि सुरेश प्रभू. तेरांपैकी एकदाच, १९९१ मध्ये, काँग्रेस पक्षाला येथे विजय मिळाला. देशात आणि राज्यात ज्या काळात त्या पक्षाचे वर्चस्व जवळपास अबाधित होते, त्याच काळातील ही गोष्ट असल्यामुळे या मतदारसंघाचा इतिहास अभ्यासकांना आकर्षित करतो.

प्रदेश आणि मतदार

लांजा-राजापूरपासून देवगड, मालवण, वेंगुर्ले व सावंतवाडीपर्यंतचा, एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्री यांमधील चिंचोळा पट्टा म्हणजे हा मतदारसंघ. दक्षिणेस गोव्याची सीमा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. तोवर हा सर्व भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे.

भात, आंबा, काजू व मासेमारी यांवर घर पुरेसे चालत नसल्याने येथील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आला. हा ‘चाकरमानी’ गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत नोकरी करी आणि गावातील चूल त्याच्या मनिऑर्डरीवर पेटे. या स्थलांतराची खूण आजही जनगणनेत दिसते. २०११ च्या गणनेनुसार दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ होते.

निवडणुकीच्या दृष्टीने याचे दोन परिणाम झाले. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाना, जिल्हा बँक आणि दूध संघ यांच्या जाळ्यातून काँग्रेसची सत्ता गावोगाव रुजली. कोकणात ऊसच नसल्याने ते जाळे विणले गेले नाही. दुसरे असे की, मुंबईतील चाळीत आणि कामगार संघटनेत बनलेले मत गणपतीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत गावी येत असे. गावातील शिक्षक, राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते आणि मुंबईकर नातलग हीच येथे पक्षसंघटना होती, असे म्हटल्यास फारसे चूक ठरणार नाही.

आरंभ : १९५२ व १९५७

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत ‘राजापूर’ नावाचा मतदारसंघ नव्हता. जिल्ह्याचे रत्नागिरी उत्तर व रत्नागिरी दक्षिण असे दोन भाग होते. उत्तरेतून आझाद हिंद सेनेचे सेनानी जगन्नाथराव भोसले आणि दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी असे दोघेही काँग्रेसचे उमेदवार निवडून आले.

पाच वर्षांत चित्र पालटले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरून मराठी मुलखात काँग्रेसविरुद्ध तीव्र असंतोष होता आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्राखाली विरोधी पक्ष एकत्र आले होते. १९५७ मध्ये राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै विजयी झाले. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघातून त्याच वेळी भारतीय जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. जनसंघाचे त्या लोकसभेत अवघे चार सदस्य होते, त्यांपैकी ते एक. समितीची लाट ओसरल्यावर मात्र दोन शेजाऱ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रत्नागिरीने १९६२ मध्ये काँग्रेसच्या शारदा मुखर्जी यांना निवडले. राजापूर समाजवाद्यांकडेच राहिले.

नाथ पै (१९५७–१९७१)

२५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे जन्मलेले नाथ पै १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेले आणि पुढे इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाले. १९५७, १९६२ व १९६७ अशा तिन्ही निवडणुका त्यांनी जिंकल्या. उत्कृष्ट संसदपटू म्हणून त्यांचा लौकिक होता.

त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले कार्य म्हणजे १९६७ मधील घटनादुरुस्तीचे खाजगी विधेयक. त्या वर्षी फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असे म्हटले. अनुच्छेद ३६८ मध्ये बदल करून संसदेचा हा अधिकार पुनःस्थापित करावा, असे ‘नाथ पै विधेयका’चे म्हणणे होते. ते त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. तथापि १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्याचा गाभा स्वीकारला. ही दुरुस्ती इंदिरा गांधींच्या सरकारने केली आणि पुढे चारच वर्षांनी आणीबाणीत त्याच सरकारने नाथ पैंच्या वारसाला स्थानबद्ध केले, हा योगायोग विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली. निवडणूक तोंडावर असताना १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे नाथ पै यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते.

मधू दंडवते (१९७१–१९९१)

नाथ पैंच्या जागी प्रजा समाजवादी पक्षाने उभे केलेले मधू दंडवते जन्माने अहमदनगरचे आणि व्यवसायाने मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. मतदारसंघात त्यांचे घर नव्हते, जातीचे वा सग्यासोयऱ्यांचे बळ नव्हते. गोवा मुक्ती सत्याग्रहातील सहभागामुळे हा प्रदेश मात्र त्यांना परका नव्हता. १९७१ मध्ये ‘गरिबी हटाव’च्या लाटेत महाराष्ट्रातील बहुतेक सर्व जागा काँग्रेसने जिंकल्या असता दंडवते निवडून आले. संपूर्ण देशात प्रजा समाजवादी पक्षाला दोनच जागा मिळाल्या : ही एक आणि दुसरी बंगालच्या किनाऱ्यावरील कांथी, जिथून समर गुहा विजयी झाले.

आणीबाणीतील कारावासानंतर १९७७ मध्ये ते जनता पक्षातर्फे पुन्हा निवडून आले आणि मोरारजी देसाई मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. जनता पक्षाची शकले झाल्यावरही १९८० मध्ये राजापूरने त्यांना सोडले नाही.

खरी कसोटी १९८४ ची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत राजापूर होते. बारामती, औरंगाबाद, मुंबई दक्षिण मध्य आणि कुलाबा या इतर चार. अशा लाटेतही टिकलेला उमेदवार केवळ पक्षाच्या चिन्हावर निवडून येत नसतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. १९८९ मध्ये जनता दलातर्फे पाचव्यांदा निवडून येऊन ते विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात अर्थमंत्री झाले.

कोकण रेल्वे आणि १९९१ चा पराभव

कोकणात रेल्वे यावी ही मागणी जुनी होती. नाथ पै यांनी ती मांडली आणि दंडवते यांनी तिचा पाठपुरावा केला. १९८० च्या दशकात रूळ रोह्यापर्यंत आले आणि तेथेच थांबले. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० कि.मी.चा मार्ग बांधला गेला व जानेवारी १९९८ मध्ये तो संपूर्ण खुला झाला.

महामंडळ स्थापन झाल्यानंतर वर्षभराच्या आत, १९९१ च्या निवडणुकीत, दंडवते पराभूत झाले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. मतदार कृतघ्न ठरला, असे तेव्हापासून हळहळीने बोलले जाते. हे विधान तपासून घेतले पाहिजे. १९८२ च्या संपानंतर मुंबईचा गिरणीधंदा कोसळला आणि समाजवादी विचाराला बळ देणारे कामगार जगच विसकटले. त्याच गिरणगावात रुजलेली शिवसेना चाकरमान्यांच्या मागोमाग कोकणात उतरली. १९९० मध्ये मालवणमधून शिवसेनेचे नारायण राणे विधानसभेवर निवडून आले होते. काँग्रेसविरोधी मते आजवर एका ठिकाणी जमत, त्यांना आता दुसरे घर मिळाले. मतदार बदलला त्याहून अधिक, ज्या पायावर तो उभा होता तो पाया बदलला.

शिवसेनेचा काळ (१९९६–२००८)

१९९६ मध्ये शिवसेनेचे सुरेश प्रभू विजयी झाले. सनदी लेखापाल आणि सहकारी बँकिंग क्षेत्रातील अनुभवी असलेले प्रभू शिवसेनेच्या रूढ प्रतिमेपेक्षा निराळे होते. नेता सुशिक्षित, अभ्यासू व संसदेत बोलणारा असावा ही नाथ पैंपासूनची अपेक्षा पक्ष बदलला तरी टिकून राहिली, असे मानण्यास येथे जागा आहे. १९९८, १९९९ व २००४ मध्येही तेच निवडून आले. वाजपेयी मंत्रिमंडळात त्यांनी पर्यावरण व ऊर्जा ही खाती सांभाळली. पुढे २०१४ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले, परंतु तेव्हा ते भारतीय जनता पक्षात होते व राज्यसभेचे सदस्य होते.

पुनर्रचनेनंतर : रत्नागिरी–सिंधुदुर्ग

नव्या मतदारसंघात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात; पहिले तीन रत्नागिरी जिल्ह्यातील, नंतरचे तीन सिंधुदुर्गातील. ही विभागणी पुढे निर्णायक ठरली.

२००५ मध्ये माजी मुख्यमंत्री नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले. २००९ मध्ये त्यांचे पुत्र नीलेश राणे यांनी काँग्रेसतर्फे प्रभूंचा पराभव केला. २०१४ मध्ये काँग्रेसच्या मित्रपक्षाचे सावंतवाडीतील आमदार दीपक केसरकर यांनी राण्यांच्या प्रचारास नकार दिला. मोदी लाटेची त्यात भर पडून शिवसेनेचे विनायक राऊत सुमारे दीड लाख मतांनी निवडून आले. २०१९ मध्ये राऊत यांनी महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाच्या नीलेश राणे यांना १,७८,३२२ मतांनी हरवले. काँग्रेसचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या स्थानी गेला.

या काळात मोठ्या प्रकल्पांचा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. राजापूर तालुक्यात जैतापूर येथे ९,९०० मेगावॉटचा अणुऊर्जा प्रकल्प योजण्यात आला. एप्रिल २०११ मधील आंदोलनात साखरीनाटे येथे गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१९ च्या निवडणुकीपूर्वी रद्द करण्यात आला आणि नंतर बारसू येथे त्याची चर्चा सुरू होऊन २०२३ मध्ये पुन्हा आंदोलन झाले. रोजगारासाठी मुंबईची वाट धरावी लागू नये ही इच्छा आणि बाग, कातळ व मासेमारी राखण्याची धडपड या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच घरात नांदतात. त्यामुळे ‘प्रकल्प समर्थक’ व ‘प्रकल्प विरोधक’ अशी मतांची सरळ वाटणी करणे फसवे ठरते.

शिवसेनेतील फुटीनंतर ७ मे २०२४ रोजी झालेल्या मतदानात नारायण राणे (भाजप) यांना ४,४८,५१४ व विनायक राऊत (शिवसेना – उद्धव बाळासाहेब ठाकरे) यांना ४,००,६५६ मते मिळाली. राणे ४७,८५८ मतांनी विजयी झाले. १९९६ पासूनच्या आठपैकी सहा निवडणुका जिथे शिवसेनेने जिंकल्या, तिथे धनुष्यबाण हे चिन्ह या वेळी रिंगणात नव्हते आणि कमळ प्रथमच विजयी झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील तिन्ही विधानसभा क्षेत्रांत राऊत पुढे होते, सिंधुदुर्गातील तिन्ही क्षेत्रांत राणे; सिंधुदुर्गातील आघाडी मोठी ठरली. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत सहाही जागा महायुतीने जिंकल्या. बारसूचा समावेश असलेल्या राजापुरातही एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे किरण सामंत निवडून आले.